बेळगावातला ळ

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि नाकाडोंगरीसह सारा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्याच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेले. आम्ही आलो, ते गेले. म्हणून बेळगावची बातमी हद्दीवरच्या या गावाला परकी वाटत नाही.

नाकाडोंगरीच्या चहाटपरीवर मराठी आणि हिंदी पेपर शेजारीशेजारी पडलेले असतात. मराठीत बेळगाव, तर हिंदीत कित्येकदा बेलगाम. हे बेलगाम साहेबाच्या हिज्ज्यांतून आले. रोमन लिपीत ळ नाही; त्यांनी ऐकले तसे लिहिले आणि आपण तेच परत देवनागरीत उतरवून घेतले. हिंदीत बेलगाम म्हणजे लगाम सुटलेला. वेणुग्राम म्हणून शिलालेखांत नोंदलेल्या शहराची ही ओळख व्हावी, याचे वाईट वाटते.

वादातल्या शहराचे इंग्रजी वळणाचे नाव छापले की आपण तटस्थ राहिलो, असा वृत्तपत्रांत समज आहे. तो चुकीचा आहे. मराठी बेळगावात ळ आहे, कानडी बेळगावीतही ळ आहे. भांडणाऱ्या दोन्ही भाषांनी जपलेले अक्षर एकट्या साहेबाच्या नावात नाही. ते नाव तिथे राहणाऱ्या कुणाच्याच तोंडचे नाही, मग तटस्थ कसले?

तुमसर रोडहून नागपूरला जाताना कामठी लागते. स्टेशनच्या रोमन नावात (Kamptee) इंग्रज छावणीच्या काळचा 'प' अजून टिकून आहे. तिथे तंटा नाही, म्हणून ते खपून जाते. बेळगावात नाव ही दुखरी जागा आहे. २०१४च्या जुलैत बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचा 'महाराष्ट्र राज्य' हा फलक हटवला गेला, तेव्हा गावकऱ्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. त्याच वर्षी कर्नाटकाने शहराचे नाव बेळगावी केले, तेही १ नोव्हेंबरला, म्हणजे सीमाभागातला मराठी माणूस जो काळा दिवस पाळतो नेमका त्याच दिवशी. महाराष्ट्राचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

उत्तर आयर्लंडमधल्या अशाच वादात बीबीसीने आपला नियम ठरवला: पहिल्या उल्लेखात लंडनडेरी, पुढे डेरी चालेल. नियम पटो वा न पटो, तो उघड आहे. आपल्याकडेही तसाच उघड नियम हवा. मराठी माध्यमांनी न चुकता बेळगाव लिहावे आणि कर्नाटकाच्या दप्तरी बेळगावी आहे, हे बातमीत एकदा सांगावे. हिंदी-इंग्रजीवाल्यांनी दोन्ही नावे द्यावीत. वृत्तसंस्थेकडून आलेले बेलगाम किंवा बेलगावी मराठी वाहिनीच्या पट्टीवर तर येताच कामा नये.

न्यायालयाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. ळ लिहायला त्याची वाट पाहावी लागत नाही.