आधी चाक फिरवा

आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात या आठवड्यात एक तरुण 'गाडीला पिकअपच नाही, इंजिन उघडा' म्हणत आला. मिस्त्रींनी गाडी डबल स्टँडवर लावली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. चाक अर्ध्या फेरीतच थांबलं. ब्रेक घासत होता, इंजिन बिचारं निर्दोष! निदान म्हणतात ते हे. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इंजिनचाच संशय असेल, तरी आधी स्पार्क प्लग काढून बघावा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन तापतंय. तेलकट काळं असेल तर मात्र रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याची शंका घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, हाती स्कॅनर आला. पण घासणारा ब्रेक नि घसरणारी क्लचप्लेट त्याला दिसत नाही. म्हणून फुकटची तपासणी आधी, शंभराची नंतर, हजारांची शेवटी. हा क्रम मोडून थेट बोअर-पिस्टनचा खर्च सांगणाऱ्याकडे, मंडळी, गाडी मुळीच टाकू नका.