पंखावरचा पत्रा

कापडी पंख म्हटलं की लोक हसतात. "विमान आहे की पतंग?" मग कुणीतरी शहाणा सल्ला देतो, जुन्या विमानाचं कापड काढून पत्रा मारून घ्या, कायमची कटकट गेली. सपशेल चूक!

सेसना १४० घ्या. १९४६ साली अमेरिकेत आलेलं दोन सीटांचं विमान. धड अ‍ॅल्युमिनियमचं, पंखांवर मात्र कापड. पुढे अनेक मालकांनी त्यावर पत्रा चढवला. आता हिशोब बघा. उड्डाणाचं कमाल वजन ६५८ किलो. विमानाचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतात साधारण २५० किलो. दोन माणसं १५०, टाक्या भरून पेट्रोल ६८. शिल्लक तीस-बत्तीस किलो. पत्र्याचं जादा वजन जाणार ते यातूनच, कारण पत्रा मारला म्हणून मर्यादा आपोआप वाढत नाही. म्हणजे बॅग घरी ठेवा, नाहीतर पेट्रोल कमी भरा. तिसरा मार्ग म्हणजे ८५ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर, भर उन्हाळ्यात, छोट्या धावपट्टीवरून ओव्हरलोड उडणं.. त्याचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, मग सेसनानेच १९४९ मध्ये १४०ए ला धातूचे पंख कसे दिले? दिले ना. पण जुन्याच पंखावर पत्रा ठोकला नाही. पंख नव्याने डिझाइन केला, प्रत्येक बाजूला दोन तिरक्या दांड्यांच्या जागी एकच दिली, कमाल वजनही ६८० किलो केलं. जुन्या कोडवर रॅपर चढवून "मॉडर्नायझेशन"च्या स्लाइड्स दाखवणाऱ्यांना हा फरक कळेल का? असो.

"पण कापड कुजतं ना!" सुती कापड कुजायचं. आता पॉलिएस्टर असतं. ते सांगाड्यावर चिकटवून, इस्त्री फिरवून ताणतात. वर अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळलेले थर देतात, त्यामुळे उन्हातल्या अतिनील किरणांपासून ते वाचतं. हँगरमध्ये ठेवलं तर वीस वर्षं आरामात.

आणि खरा मुद्दा वेगळाच आहे. कापड बदलताना अख्खा पंख उघडा पडतो. गंजलेल्या रिब्ज, सैल झालेल्या तारा, उंदरांची घरटी, सगळं समोर येतं. पत्र्याखालीही हेच सगळं असू शकतं, फक्त तपासणीच्या झरोक्यातून दिसेल तेवढंच दिसतं.

विमान उघड्यावर ठेवावं लागत असेल तर पत्र्याचा मोह मी समजू शकतो. पण वीस वर्षांतून एकदा पंखाच्या आत बघायचा ज्याला कंटाळा, त्याने त्या पंखाखाली बसूच नये!