डासाला चेकनाका कुठला?

पावसाळा लागला की इंदूरच्या मावशीचा फोन ठरलेला: "टाकीवर झाकण आहे ना रे?" तिचा धसका खोटा नाही. शहरात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी डास गच्चीवरच्या टाक्यांत, विहिरींत वाढतो. लिस्टन या डॉक्टरने १९०१ साली त्याचं वर्णन केलं, तेही आपल्या वऱ्हाडातल्या अचलपुरात!

एरवी आईचा किंवा बापाचा एखादा जनुक निम्म्याच पिल्लांत उतरतो. काही जनुक मात्र लबाड. स्वतःचा वाटा वाढवून घेतात. एडिस डासांत असा जनुक असलेल्या नरांची संतती बहुतेक नरच होते, आणि नर चावत नाहीत. सत्तरच्या दशकात दिल्लीतल्या केंद्राने हीच युक्ती अभ्यासली. १९७५ मध्ये सोनीपतला वारसा बदललेले एडिस सोडायचे होते; पण संसदेत, वर्तमानपत्रांत 'जैविक युद्धा'च्या संशयाचा गदारोळ उठला आणि बेत बारगळला. तो संशय मला पटत नाही, पण गावाला विचारायला हवं, हे पटतं.

कारण २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात स्टीफेन्सीमध्येच मलेरियाच्या परजीवीला अडवणारे जनुक घातले गेले. शेजारच्या गुणसूत्रावर स्वतःची नक्कल उतरवत ते प्रयोगशाळेत ९९ टक्क्यांहून अधिक पिल्लांत पोचले. असा डास एकदा बाहेर सोडला की परत बोलवायचा कसा?

बेंगळुरूत २०१७ पासून जनुकशास्त्र आणि समाज यांचा मेळ घालणारी टाटा संस्था आहे. उद्या कुणी असे डास सोडायचे म्हटले, तर आपल्याकडे विचारायचं कुणाला? डास म्हणा की सोळ्ळे, कागलला सोडलेला निपाणीला येणारच. मग ग्रामसभा कुणाची भरवायची, त्यांची की आपली?