कल्पेनीच्या तळाशी सोलापूरचा दगड

लक्षद्वीपला जाऊन आलो म्हटल्यावर सोलापुरात पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. दुसरा, ‘तिकडं भाकरी मिळती का?’ तिसरा प्रश्न मात्र जरा जवळचाच माणूस विचारतो. चहाचा कप बाजूला ठेवून, आवाज खाली आणून तो म्हणतो, ‘खरं सांग बे, त्या पाण्यात तोंड घालून दिसतं तरी काय?’

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुठल्याही टूरवाल्याकडे मिळतील. हा लेख तिसऱ्यासाठी.

या सगळ्याचं मूळ माझ्या बहिणीच्या मोबाईलमध्ये आहे. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला गेले आणि त्यांचे स्नॉर्कलिंगचे फोटो घरोघरच्या ग्रुपवर फिरले. तेव्हापासून ताईच्या डोक्यात ते निळं पाणी बसलं. मी सुचवून पाहिलं की मालवण जवळ आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला हेच करतात, संध्याकाळी सोलकढीही मिळते. पण निम्मं सोलापूर मालवणला जाऊन आलेलं. तिथं जाऊन सांगण्यासारखं काय उरलं? शेवटी नाताळच्या सुट्टीत आम्ही, ताई-दाजी, मुलंबाळं आणि आई असा सगळा लवाजमा निघाला. जुनी माणसं जिला अजून जयंती जनता म्हणतात ती कन्याकुमारी एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते आणि थेट एर्नाकुलमला उतरवते. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी रायचूरच्या आतच उघडली गेली, हे सांगायला नकोच.

कोचीच्या विलिंग्डन बेटावरून जहाज सुटतं. लक्षद्वीप प्रशासनाची ‘समुद्रम’ नावाची सहल आहे: ‘एम. व्ही. कवरत्ती’ जहाजावर रात्री झोपायचं, दिवसा एकेका बेटावर उतरायचं. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. आधी प्रवेशाचा परवाना काढावा लागतो. सिनेमातल्या क्रूझसारखी कारंजी आणि नाचगाणी डोक्यात असतील तर ती काढून टाका. हे सरकारी जहाज आहे, आणि बेटावरची माणसं त्यातूनच घरी जातात. आमच्या पलीकडच्या बाकांवर कांद्याची पोती होती, एक नवा मिक्सर होता आणि कोचीच्या दवाखान्यातून सुट्टी मिळालेले एक आजोबा होते. मला तर हेच आवडलं. आपण कुणाच्या तरी घरी चाललोय, हे त्या पोत्यांमुळे लक्षात राहतं.

बेटाभोवती प्रवाळाचं कडं असतं आणि कड्याच्या आत उथळ खाजण. मोठं जहाज आत जाऊ शकत नाही. ते बाहेर थांबतं, त्याच्या कुशीतला एक दरवाजा उघडतो आणि खाली लाटेवर होडी वरखाली होत असते. तिच्यात उतरायचं. दोन खलाशी दोन्ही दंड धरून उभे राहतात, होडी वर येण्याची वाट बघतात आणि अचूक त्या क्षणी माणसाला पुढे देतात. आमच्या आईनं दरवाजात उभं राहून एकदा खाली पाहिलं, एकदा आमच्याकडं पाहिलं, पदर खोचला, सिद्धेश्वराचं नाव घेतलं आणि खलाशाला मराठीतच दम दिला, ‘हात सोडायचा नाही, सांगून ठेवते!’ त्याला मल्याळम सोडून फारसं काही येत नसावं. पण हात त्यानं सोडला नाही.

कल्पेनीला पाण्यात उतरण्याचा कार्यक्रम होता. कूमेलच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर तिलक्कम आणि पिट्टी ही दोन चिमुकली बेटं दिसतात आणि मधलं पाणी कमरेपासून गळ्यापर्यंत. शिकवणारी पोरं तिथलीच. हिंदी तोडकी, पण हातवारे पक्के. मास्क घाला, नाकानं श्वास विसरा, तोंडातल्या नळीनं घ्या, पालथे पडा, पाय हळू हलवा. संपलं शिक्षण.

मास्क चढवण्याआधी काचेत आतून थुंकायचं आणि धुऊन टाकायचं, म्हणजे वाफ धरत नाही. हे ऐकून आईनं तोंड फिरवलं ते बराच वेळ वळवलं नाही. खरी अडचण मात्र दाजींच्या मिशीची झाली. दाजींची मिशी पिळदार आहे आणि तिच्यावर त्यांचा जीव आहे. मास्कचा रबर ओठाच्या वर कातडीला चिकटला तरच पाणी अडतं. मध्ये केस आले की फट राहते. दाजी पालथे पडायचे, मास्क भरायचा, दाजी खोकत उभे राहायचे. तो पोरगा अतिशय अदबीनं ‘शेव?’ असं बोटानं विचारू लागला, तेव्हा ताई हसू आवरेना म्हणून पाण्यात बसली. अखेर व्हॅसलीन आलं. मिशीवर बोटभर थर बसला, फट बुजली आणि अब्रू वाचली.

भाच्याचा प्रश्न वेगळा होता. नळी एवढीशी का? चांगली दोन मीटर ठेवली तर तळाशी बसून आरामात बघता येईल की! प्रश्न अगदी बरोबर आहे, उत्तर पाण्याच्या वजनात आहे. मीटरभर खाली गेलं तरी छातीवर इतका दाब येतो की वरची हवा आत ओढायला फासळ्या फुलत नाहीत. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेला श्वास अडकून राहतो आणि तोच परत आत येतो. म्हणून नळी आखूड आणि माणूस पृष्ठभागावर. त्याला ते पटलं नाही. गळ्याएवढ्या पाण्यात बुडी मारून त्यानं नळीत पाणी भरून घेतलं, मग पटलं.

आता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. रंग दिसतील या आशेनं गेलात तर निराश व्हाल. फोटोतल्या लाल, जांभळ्या, केशरी बागा मला दिसल्या नाहीत. दिसले ते करडे, तपकिरी दगडासारखे गड्डे, काहींवर शेवाळाची लव, मध्येच एखादा पिवळसर जिवंत झुबका. प्रवाळाचा रंग मुळात त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा. पाणी फार दिवस तापलं की प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर काढतं, पांढरं पडतं, आणि उष्णता हटली नाही तर उपाशी मरतं. लक्षद्वीपला हे 1998 मध्ये झालं, 2010 मध्ये झालं, 2016 मध्ये झालं आणि 2024 च्या उन्हाळ्यात पुन्हा मोठ्या प्रमाणावर झालं. म्हणजे ज्या वर्षी ते फोटो पाहून आपण सगळे वेडे झालो, त्याच वर्षी. सहलीच्या माहितीपत्रकात हे छापत नाहीत. छापायला हवं, असं माझं मत आहे. लोक तरीही जातील, पण गड्ड्यांवर पाय देऊन उभं राहून सेल्फी काढायला कदाचित कचरतील. आमच्याच गटात तसे दोघं-तिघं होते.

रंग नव्हते, पण आवाज होता. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कान पाण्याखाली गेले की किनाऱ्यावरचा गलका बंद होतो आणि बारीक कडकड, करकर ऐकू यायला लागते. मी आधी माझ्याच मास्कची शंका घेतली. मग समोर हातभर लांबीचा एक निळा-हिरवा मासा दिसला. पाण्यात सगळं एक तृतीयांशानं मोठं दिसतं, तेव्हा वीत-दीड वीत धरा. त्याचं तोंड राघूच्या चोचीसारखं. इंग्रजीतही त्याला पोपटमासाच म्हणतात. त्यानं मेलेल्या प्रवाळावर चोच लावली आणि कर्रकन घास घेतला. दगडावर पांढरा ओरखडा राहिला. दोन-चार घास झाले, तो जरा पुढं सरकला आणि त्याच्या मागून पांढऱ्या भुकटीचा एक ढग सुटला, सावकाश खाली बसला.

ती वाळू होती. पोपटमासा दगडावरचं शेवाळ खातो, त्याबरोबर दगडही जातो. घशातले दात त्याचं पीठ करतात आणि नको ते बाहेर पडतं. मोठ्या जातीचा एकेक मासा वर्षाला काही शे किलो वाळू करतो. कूमेलच्या ज्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर ताईनं मुलांचे फोटो काढले, त्यातली बरीच वाळू माशांच्या पोटातून आलेली. हे तिला जेवणाआधी सांगितलं, तेव्हा आमच्यात थोडा अबोला झाला.

एका गोष्टीनं मात्र मला त्या पाण्यात सगळ्यात जास्त धरून ठेवलं, आणि ती तर दिसतही नव्हती. प्रवाळाचं बेट हवेत बसत नाही, त्याला खाली पाया लागतो. डार्विननं 1842 मध्ये मांडलं की ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेनं प्रवाळ वर वर चढत राहतं आणि शेवटी डोंगर दिसेनासा होऊन नुसतं कडं उरतं. लक्षद्वीपच्या खूप खाली असाच काळा दगड आहे. तो कुठला? भूशास्त्रज्ञांचं मत असं की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त जागेवरून लाव्हा उसळून दख्खनचं पठार झालं, तीच जागा पुढं लक्षद्वीप, मालदीव, चागोस असा कणा उठवत गेली आणि आज रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जिवंत आहे. जागा तिथंच, जमीन उत्तरेकडं सरकत आली. चूल एक, तिच्यावरून तवा ओढत नेला आणि वाटेत भाकऱ्या पडत गेल्या. पहिली भाकरी आमची. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याखालचा दगड, घरोघरचे पाटे-वरवंटे, मंगळवेढ्याची ज्वारी पिकवणारी काळी माती हे सगळं त्या पहिल्या भाकरीचं. नंतरची समुद्रात बुडाली आणि तिच्यावर प्रवाळ चढलं. साडेचारशे मीटर उंचीवरच्या कोरड्या गावातून निघून, समुद्रापासून जेमतेम एक-दोन मीटर वर असलेल्या बेटावर आम्ही आलो होतो ते भावकीतच.

हे मी पाण्यातून डोकं काढून दाजींना सांगायला गेलो. पण नळी तोंडात असल्यानं ‘हूं हूं’ एवढंच निघालं, आणि दाजींनी अंगठा वर केला. आमच्या घरातली माणसं अर्धा तास न बोलता एकत्र राहिल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

ताईनं किनाऱ्यावरून एक सुंदर पांढरा तुकडा उचलला होता, बोटांच्या पेरांसारखा. गाईडनं तो हळूच मागून घेतला. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेला तुकडासुद्धा घरी नेता येत नाही. ‘एवढा ढीग पडलाय की!’ ताई म्हणाली. ढीग खराच आहे, 1847 च्या वादळानं कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा बांधच रचून ठेवलाय. पण तो ढीग म्हणजेच बेट. सगळी बेटं मिळून 32 चौरस किलोमीटर. आपल्या महापालिकेची हद्द त्याच्या पाचपटीहून मोठी. प्रत्येकानं एकेक तुकडा उचलायला त्यांच्याकडं जागा नाही.

आई पाण्यात उतरली नाही. काचेच्या तळाच्या होडीतून तिनं एक कासव पाहिलं, ते गवत चरत होतं आणि तिला ते शेळीसारखं निवांत वाटलं. तिला वेगळीच चिंता होती. कवरत्तीला दुपारच्या जेवणात ट्यूना वाढणाऱ्या बाईंना तिनं आपल्या सुनेच्या हिंदीतून विचारलं: एवढं खारं पाणी चहूकडं, मग प्यायचं कुठनं? बाईंनी समजावलं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहतं. विहिरीतून जपून काढायचं, जास्त उपसलं की खारं वर येतं. आणि 2005 पासून गावात समुद्राचं पाणी गोड करणारा सरकारी प्रकल्प आहे. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होतं, साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्यानं ती वाफ निवते. दिवसाला लाख लिटर.

आईनं मान डोलावली आणि आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, हे सांगून टाकलं. बाईंच्या हातातला डाव थांबला. ‘मग तुम्ही समुद्रातनं का काढत नाही?’

समुद्र आमच्यापासून फार लांब, असं दाजी सांगत होते, तेवढ्यात आई म्हणाली, ‘तिला सांग, आमचा समुद्र म्हणजे उजनी धरण.’ सांगितलं. तो किती खोल, असं त्यांनी विचारलं. दाजी सवयीनं म्हणाले, ‘टक्क्यांत मोजतात. 2024 ला उन्हाळ्यात उणे पन्नासच्याही खाली गेला होता.’ शून्याच्या खाली पाणी कसं जातं, आणि गेलं तरी ते आम्ही पितो कसं, हे मृतसाठ्यासकट हिंदीत समजावता समजावता जेवणाची पानं उचलली गेली, जहाजाकडं नेणारी होडी लागली आणि बाई अजून विचारतच होत्या, ‘उणे म्हणजे?’