मीटर हा शोभेचा दिवा नाही, भाऊ!

आज थोडं कडक लिहितोय. काही दुकानदार मित्रांना राग येईल. येऊ द्या.

बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, कुठल्याही गावात कार ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर संध्याकाळी पंधरा मिनिटं उभे राहा. सीट कव्हर, हॉर्न, म्युझिक सिस्टीम हे नेहमीचं. पण जुनी स्विफ्ट नाहीतर बोलेरो घेऊन आलेल्या पोट्ट्यांची आणखी एक फर्माईश ऐकू येते: "मीटरले निळी लाइट टाकून द्या." म्हणजे कंपनीची डायल काढायची आणि बाजारातली चमकणारी डायल बसवायची. कायले, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "लूक येते ना गाडीले!"

लूक येतो, मान्य. पण जातं काय, ते कोणी सांगत नाही.

डायल बदलायची तर आधी काटा उपसावा लागतो. काटा एका बारीक दांडीवर दाबून बसवलेला असतो. कारखान्यात तो मोजून बसवतात, दुकानात चमच्याने उचकटतात आणि नवी डायल टाकून अंदाजाने परत दाबतात. आता साधा हिशोब करा. समजा २२० किलोमीटरचे आकडे २४० अंशांत मांडलेले आहेत. काटा फक्त १० अंश मागे बसला, तर मीटर सुमारे ९ किलोमीटरने कमी वेग दाखवणार. केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरमध्ये स्प्रिंग काट्याला शून्याजवळच्या खिळीवर दाबून धरते. त्यामुळे उभ्या गाडीत सगळं बरोबरच दिसतं. मीटर खोटं बोलायला लागतं ते गाडी पळायला लागल्यावर.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियम याबाबत स्पष्ट आहे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्त दाखवलं तर चालेल, पण कमी कधीच दाखवायचं नाही. १०० च्या खऱ्या वेगाला मीटर ११४ पर्यंत दाखवू शकतं, ९९ नाही. चूक झालीच तर ती जीव वाचवणाऱ्या बाजूला व्हावी, इतका विचार त्यामागे आहे. आपण तो विचार चमच्याने उपसून काढतो.

टेम्परेचरच्या काट्याचंही तेच. मे महिन्यात आपल्याकडे ऊन कसं असतं ते सांगायला नको. इंजिन तापलंय आणि काटा अर्ध्यावर निवांत बसलाय, म्हणजे थेट गॅस्केटचा खर्च.

आता उजेडाचं बघू. बोथ्याच्या बाजूने ज्ञानगंगा अभयारण्यातून रात्री खामगावला गेलेल्यांना माहीत आहे, रोही कधी आडवं येईल याचा नेम नसतो. राजूर घाटात वळणामागून काय येतंय ते शेवटच्या क्षणी कळतं. अशा वेळी डोळा अंधाराला सरावलेला हवा. म्हणूनच कंपन्या मीटरचा उजेड मंद ठेवतात आणि बऱ्याच गाड्यांत तो कमी-जास्त करायची सोयही देतात. तिथे छातीसमोर निळा झगमगाट लावायचा आणि काचेवर त्याचं प्रतिबिंब घेऊन घाट उतरायचा, याला काय म्हणावं?

वायरिंगचा विषय वेगळाच. काही चमकत्या डायलांना १२ व्होल्ट पुरत नाहीत. त्यासाठी एक छोटा इन्व्हर्टर लागतो, जो व्होल्टेज शंभराच्या आसपास नेतो. तो डॅशबोर्डच्या मागे लोंबकळत सोडतात. मूळ वायर सोलून जोड मारतात आणि वर टेप गुंडाळतात. दोन उन्हाळ्यांत त्या टेपचा गोंद वितळतो, मग काय होईल ते नशिबावर.

"आमची गाडी, आमचा शौक, तुमच्या पोटात का दुखते?" असं कमेंटमध्ये येणारच. भाऊ, गाडी तुझी आहे, रस्ता सगळ्यांचा आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, कारला वेगमर्यादा १२०. मीटर १०० दाखवतंय आणि गाडी १२० वर आहे, असं झालं तर धडकेची ताकद २० नाही, ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली. त्या अपघाताचा डायलशी संबंध नाही, मी तो उगाच जोडणारही नाही. पण ती पहाट पाहिलेल्या जिल्ह्याने तरी वेगाची थट्टा करू नये, एवढं म्हणण्याचा हक्क मला आहे.

कायदा काय करतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७ वा नियम स्पीडोमीटरसाठीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. डायल त्यात बसते की नाही, यावर वकिलांनी वाद घालावा. माझा आक्षेप वेगळा आहे. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तोवर फिटनेस तपासणी नाही. म्हणजे १५ वर्षं त्या काट्याकडे सरकारचा एकही माणूस बघत नाही. आणि पकडलाच तर मालक सापडतो, काटा उपसणारा मोकळा.

करायचं ठरवलं तर होतं. सीट बेल्टचा आवाज बंद करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन सर्रास विकल्या जात होत्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच कंपन्यांना आदेश दिला आणि अशा १३,११८ जाहिराती उतरवायला लावल्या. मग चमकत्या डायलवरच मेहेरबानी कशासाठी? निदान ज्या दुकानात मीटर उघडतात, तिथे बिलावर "काटा तपासून दिला" असं लिहून सही करायची सक्ती करा. बघा किती जण सही करतात.

जुन्या गाडीचं मीटर खरंच अंधुक झालं असेल तर ती तक्रार रास्त आहे. मीटरच्या मागचा बल्ब बदला, त्याच वॅटचा. काट्याला हात लावायची गरज नाही.

आणि ज्यांनी आधीच डायल बदलली आहे त्यांच्यासाठी एक काम. सरळ, मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसलेल्याच्या हातात मोबाइल द्या आणि जीपीएसवर वेग बघायला सांगा. गाडी एकसारख्या ६० वर ठेवा, मग ८० वर. मीटर मोबाइलपेक्षा दोन-चारने पुढे असेल तर ठीक. मागे असेल, तर तुमची गाडी रोज तुमच्याशी खोटं बोलतेय आणि त्याचे पैसे तुम्हीच मोजलेत. आकडा खाली कमेंटमध्ये टाका. लाजू नका, जिल्ह्याला कळू द्या.