कसलेली जमीन, कसलेले अंग

मराठीत शेत आणि शरीर या दोहोंसाठी 'कसणे' हे एकच क्रियापद चालते. व्युत्पत्ती निराळ्या असतील. बोलणाऱ्याच्या मनात मात्र दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. जमीन कसावी लागते, अंगही कसावे लागते. आणि दुर्लक्ष झाले की दोन्ही पडीक होतात. गव्हाणसारख्या गावात यांतला पहिला अर्थ जवळजवळ संपला आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. २०२४ साली अटल सेतू खुला झाला, २०२५ साली विमानतळ सुरू झाला. 'कसणे' आता उरले आहे ते दुसऱ्या अर्थाने, जिममध्ये. तिथेही ते एका ठरावीक वळणावर थांबते. घरात पाळणा हलला की वजने खाली ठेवली जातात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. 'आता कसली जिम, आता बाप झालास' हे वाक्य उपदेशही असते आणि अभिनंदनही.

हे थांबणे निसर्गनियम नसून संस्कार आहे, असे मला वाटते. त्याचे मूळ आपल्या बलोपासनेच्या कल्पनेतच आहे. आपली तालीम मारुतीची. समर्थ रामदासांच्या नावाशी जोडलेल्या अकरा मारुतींपासून गल्लीतल्या आखाड्यापर्यंत शक्तीचे दैवत ब्रह्मचारी आहे. 'लंगोटबंद' या शब्दात पहिलवानकी आणि ब्रह्मचर्य एकाच गाठीने बांधलेले आहेत. या विचारात शक्ती म्हणजे साठवलेली ठेव, आणि गृहस्थाश्रम म्हणजे तिचा खर्च. तेव्हा लग्न आणि अपत्य हा बलोपासनेचा स्वाभाविक शेवट ठरतो. बाप झालेला मल्ल वस्ताद होऊ शकतो, इतरांना घडवू शकतो. पण स्वतःच्या अंगासाठी त्याने वेळ मागितला तर ते हौशीत जमा होते. आईच्या बाबतीत तर प्रश्नच उपस्थित होत नाही, कारण मातीच्या त्या हौद्यात तिला मुळात जागाच नव्हती.

या परंपरेला एक ठळक अपवाद औंधचा आहे. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला, तो संसारी माणसाचा व्यायाम म्हणून. त्याला आखाडा लागत नाही, जोडीदार लागत नाही. घरातली चटईभर जागा पुरते. त्यांच्या घरातल्या स्त्रिया नमस्कार घालत, संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना ते शिकवले जात, आणि पुढे मुत्सद्दी म्हणून नावारूपाला आलेले त्यांचे पुत्र अप्पा पंत यांनीही या विषयावर लिहिले. पितृत्व आणि बलोपासना एकत्र नांदू शकतात याचा हा आपल्याच मातीतला दाखला आहे. मात्र राजवाड्यात मूल रडले तर उचलायला माणसे होती. आपल्या दोन खोल्यांच्या घरात खरा प्रश्न तोच आहे : बाप किंवा आई व्यायाम करीत असताना मूल कोणाच्या कडेवर?

इथे या परिसरातल्या आगरी-कोळी बायकांची आठवण व्हायला हवी. भाताचे भारे, मिठाच्या नि मासळीच्या पाट्या त्यांनी डोक्यावरून वाहिल्या, आणि घरी पोर वाढवतानाच वाहिल्या. त्या बळाला कोणी व्यायाम म्हटले नाही. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या कष्टांत निवड नव्हती आणि पुरेशी विश्रांतीही नव्हती. पण मातृत्व आणि ताकद परस्परविरोधी आहेत, हा समज त्यांच्या मानांनी आणि खांद्यांनी केव्हाच खोडून काढला होता. आपल्या बाळंतपणाच्या रिवाजात सव्वा महिना आहे, शेक-शेगडी आहे, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर आहे. विसाव्याची इतकी तपशीलवार व्यवस्था करणाऱ्या परंपरेने विसाव्यानंतर बळ परत कसे मिळवायचे, याविषयी मात्र मौन पाळले आहे.

आधुनिक ज्ञान या ठिकाणी उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगतात. वैद्यकीय अडचण नसेल तर बाळंतिणीलाही हळूहळू चलनवलनाकडे आणि अशा व्यायामाकडे वळायला सांगतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही जणांनी सोळा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस वजने उचलली. पुढले बत्तीस आठवडे त्यांतल्या काहींचा व्यायाम नवव्या हिश्श्यावर आणला गेला, म्हणजे आठवड्यातून एकच दिवस. तरीही तरुणांचे कमावलेले स्नायू टिकले. साठीपुढच्यांचे तेवढ्यावर टिकले नाहीत. मिळवायला पुष्कळ लागते, राखायला थोडे पुरते, आणि वय वाढेल तसे ते 'थोडे' वाढत जाते. चाळिशीच्या आसपास आईबाप होणाऱ्या आपल्या पिढीने यातून घ्यायचा तो बोध घ्यावा. झोप मोडलेल्या महिन्यांत नवे विक्रम करायचे नसतात. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे बैठका, जोर आणि एखादे वजन, इतके केले तरी शेत पडीक होत नाही.

पण ही वीस मिनिटे येतात कुठून? बहुतेक घरांत बापाची जिम आईच्या वेळावर चालते, हे स्पष्ट बोलायला हवे. २०१७ च्या दुरुस्तीने मातेला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा दिली. केंद्र सरकारी नोकरीतल्या पित्याला पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या पित्यासाठी सरसकट कायदा नाही. मूल कोणी सांभाळायचे हे कायद्यानेच असे सुचवून ठेवल्यावर पहाटे बॅग घेऊन निघणाऱ्या पुरुषाचे 'सातत्य' फारसे कौतुकास्पद राहत नाही. ज्या घरात दोघांपैकी एकाचेच अंग कसले जाते, तिथे दुसऱ्याचे झिजत असते. म्हणून नव्या आईबापांच्या व्यायामाचा हिशेब जोडीने मांडायला हवा : तिची वीस मिनिटे आधी, मग त्याची.

यावर कोणी म्हणेल, आईबापांनी मुलासाठी एवढाही त्याग करू नये काय? त्याग जरूर करावा. पण कशाचा, ते पाहून. जन्मतः अडीच-तीन किलोचे मूल वर्षभरात नऊ-दहा किलोंचे होते, आणि दिवसातून कितीदा तरी ते जमिनीवरून उचलावे लागते. ते आपल्या 'अंगाखांद्यावर' वाढते, असे आपली भाषाच सांगते. ज्या अंगाखांद्यावर त्याने वाढायचे, ते ढिले पडू देणे हा त्याग नव्हे, हयगय आहे. बलोपासनेचे दैवत ब्रह्मचारी असेल तर असो. तिची सर्वाधिक गरज ज्याच्या कडेवर मूल आहे त्याला आणि तिला आहे. तालमीने हे ओळखले नाही. घरांनी ओळखायला हरकत नसावी.