पाच वर्षांना सहा महिने कमी

गेल्या रविवारी मावसबहिणीचा मुलगा एक पत्र घेऊन आला. पत्र स्पॅनिशमध्ये होतं, पण भाच्याचा पडलेला चेहरा वाचायला भाषांतर लागलं नाही. स्पेनचा व्हिसा नाकारला होता.

पोरगा वाकडमधल्या फ्लॅटवर बसून पुण्याच्याच एका कंपनीसाठी प्रोग्रॅमिंग करतो. ऑफिस असं नाहीच. मग वाकडऐवजी वालेन्सियात बसलो तर कुणाचं काय बिघडलं, हा त्याचा हिशेब. तो चुकीचाही नव्हता. परदेशी कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्याला स्पेनने 2022 च्या स्टार्टअप कायद्यात राहण्याची सोय करून दिली आहे. उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट हवं, 2025 च्या दराने महिना 2,700 युरोंहून अधिक. कंपनी वर्षभर जुनी, तिच्याशी संबंध तीन महिन्यांचे, हातात पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव. सगळं होतं. अपोस्टिल, पोलिसांचा दाखला, भाषांतरं घालून एजंटने फाइल लठ्ठ केली होती.

नडला न जोडलेला कागद. नोकरदार माणूस तिकडे राहणार, तर त्याची सामाजिक सुरक्षेची वर्गणी कोणत्या देशात भरली जाणार? पोर्तुगालशी भारताचा याबाबत करार आहे, 2017 पासून. तिथे आपल्या पीएफ कार्यालयाचा दाखला पुढे करता येतो. स्पेनशी तसा करार नाही. म्हणजे कंपनीने स्पेनमध्ये नोंदणी करून वर्गणी भरायची. एचआरने एका ओळीत नकार कळवला. मला त्यात नवल वाटलं नाही. एका पोरासाठी परक्या देशात खातं कोण उघडेल?

‘मामा, अपील करू?’

अपील महिन्याभरात करता येतं, दोन महिन्यांत माद्रिदच्या उच्च न्यायालयातही जाता येतं. पण अधिकाऱ्याने कागद चुकीचा वाचला असेल तर भांडावं. इथे कागदच नव्हता. वकिलाचं घर चालेल, एवढंच. एजंटचा सल्ला आणखी वेगळा: पर्यटक म्हणून जा आणि तिथूनच अर्ज टाक. कायद्यात ही वाट खरोखर आहे. देशात रीतसर असलेल्याला अर्ज करता येतो, वीस कामकाजी दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी धरतात, आणि वकिलातीतून वर्षाचा व्हिसा मिळतो तिथे या वाटेने थेट तीन वर्षांपर्यंतची परवानगी. पण पर्यटक व्हिसा मागताना ‘परत येणार’ हे पटवून द्यावं लागतं. 2024 मध्ये भारतातून शेंगेनसाठी सुमारे 11 लाख अर्ज गेले, त्यांतले 1.65 लाख नाकारले गेले. ताजा नकार खिशात असताना खिडकीवर एक आणि बॅगेत एक असं बोलायला मी भाच्याला सांगणार नाही.

उरली सरळ वाट. नोकरीचा राजीनामा द्यायचा, त्याच कंपनीचं तेच काम कंत्राटावर घ्यायचं आणि स्पेनमध्ये ‘ऑटोनोमो’ म्हणून, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून, वर्गणी भरायची. काम तेच, साहेब तोच, सोमवारची मीटिंगही तीच. फक्त पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आणि महिन्याच्या नोटिशीवर कंत्राट संपू शकतं. जाहिरातीत समुद्रकिनाऱ्यावरचा लॅपटॉप दिसतो, हे दिसत नाही. आपल्याकडे तीन पिढ्या ‘पर्मनंट’ या शब्दावर लग्नं जुळली. आता परदेशी राहायचं तर तोच शब्द आधी खोडावा लागतो, आणि एजंट लोक याला स्वातंत्र्य म्हणतात.

बहिणीने फोनवर विचारलं, ‘म्हणजे याला नोकरी आहे की नाही?’ मी उत्तर टाळलं.

भाच्याला मात्र मी वेगळंच विचारलं: कंपनीत किती वर्षं झाली? साडेचार. ग्रॅच्युइटीला पाच लागतात. त्याने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला, आकडा पाहिला आणि राजीनाम्याचा मसुदा सहा महिन्यांसाठी मिटवून ठेवला. स्पॅनिशचा क्लास तेवढा सुरू आहे, मंगळवार आणि शुक्रवार.